कोल्ह्याच्या शिकारीला वाघाचे सामान

कोल्ह्याच्या शिकारीला जाताना वाघाच्या शिकारीचे सामान न्यावे, ही म्हण ठाऊक नसलेला मराठी माणूस विरळा. शाळेत तिचा अर्थ एका ओळीत शिकवतात : काम लहान असले तरी तयारी मोठी ठेवावी. मीही परीक्षेत तोच लिहिला आणि गुण मिळवला. मात्र ही म्हण मुळात म्हण नसून शिकारीला निघालेल्या माणसाला दिलेली नेमकी सूचना असावी, हे माझ्या लक्षात यायला चाळिशी उलटावी लागली. म्हणीचे सोडा, शिकारीच्या सल्ल्याचे जे जे लेखन माझ्या वाचनात आले, ते वाचण्याची माझी रीतच त्यानंतर बदलली. त्या रीतीविषयी हा लेख आहे.

मी सुरगाणा तालुक्यातला. शिक्षण दहावीपुढे फारसे गेले नाही. जे काही वाचले ते शेती सांभाळून, वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांतून आणि जुन्या बाजारात घेतलेल्या फुटक्या बांधणीच्या खंडांतून. गेल्या वीसेक वर्षांत आमच्या भागातल्या कोकणा आणि वारली म्हाताऱ्यांकडून रानाविषयीचे शब्द टिपत आलो आहे. त्यातली एक वही फक्त कोल्ह्याची आहे. ती छापावी की नाही, हा प्रश्न तीन वर्षे माझ्यापुढे आहे. या लेखाचे खरे कारण तेच.

हाका आणि हाक

आमच्याकडे शिकारीच्या दोन तऱ्हा सांगतात. पहिली हाक्याची. शे-पन्नास माणसे ढोल, डबे, आरोळ्या यांच्या जोरावर रान उठवतात आणि जनावर मचाणाकडे ढकलतात. सुरगाणा हे १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत छोटेसे संस्थान होते, आणि त्या काळच्या हाक्यांच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत. सांगणारे सगळे हाकारे होते. मचाणावर बसलेल्या कोणाची गोष्ट मी आमच्या पाड्यावर ऐकलेली नाही.

दुसरी तऱ्हा हाकेची. एक माणूस पान ओठांत धरून करडाच्या किंवा सशाच्या कळवळण्याचा आवाज काढतो, किंवा तोंडाने कोल्ह्याची कुई घालतो आणि गप्प बसतो. जनावर आपल्या पायांनी येते. हाक्याला माणसे लागतात, हुकूम लागतो. हाकेला जनावराचे मन कळावे लागते.

शब्द सख्ख्या भावांसारखे, पण शिकारीचे सगळे वाङ्मय या दोहोंत वाटले गेले आहे असे मला वाटते. ग्रंथ बहुतेक हाक्याचे आहेत. हाकेचे ज्ञान तोंडीच राहिले.

माझे थोरले मामा हाकेचे माणूस. कोंबड्या, करडे आणि भुईमूग यांचे नुकसान फार झाले की गाव त्यांना बोलावत असे. बंदूक त्यांच्याकडे कधीच नव्हती. वाघूर, म्हणजे शिकारीचे जाळे, होते. बारा वर्षांचा असताना मी त्यांच्याबरोबर एका रात्री बांधाआड बसलो होतो. त्यांनी चिमूटभर राख बोटांतून सोडली, ती कुठे जाते ते पाहिले आणि मला आपल्या पाठीकडे तोंड करून बसवले. मी विचारले, ‘हाक तर पुढं देणार, मग मी मागं काय बघू?’ ते म्हणाले, ‘तो पुढनं येतच नाही. आधी वाऱ्याखाली जातो, वास घेतो, मंग इचार करतो.’ तसेच झाले. हाकेनंतर बऱ्याच वेळाने माझ्यासमोर, म्हणजे मामांच्या पाठीमागे, दहा पावलांवर दोन डोळे थांबले. मी श्वासही घेतला नाही. मामांनी मान न वळवता टाळी वाजवली आणि डोळे विझले. ‘मादी हाय, दुधावरची,’ ते म्हणाले. त्यांनी कशावरून ओळखले ते मला आजही कळलेले नाही.

म्हण पुन्हा वाचताना

माझ्या वहीतल्या सूचनांपैकी एक अशी : कळवळ्याची हाक दिली की कोण येईल हे हाक देणाऱ्याच्या हाती नाही. करडाचा आवाज कोल्हा ऐकतो तसा बिबट्याही ऐकतो. म्हणून बसताना पाठीला झाड किंवा कातळ हवा, हाताशी कुऱ्हाड हवी आणि एकट्याने बसू नये. हे ऐकताना मला एकदम ती म्हण आठवली. कोल्ह्याच्या शिकारीला वाघाचे सामान! इथे मोठ्या तयारीचा सामान्य उपदेश नाही. हाकेच्या तंत्रातला धोका आहे.

दुसरा आधार आवाजाचा. वाघाच्या मागे राहून त्याच्या उष्ट्यावर जगणारा एकटा कोल्हा आणि त्याची वेगळीच, अंगावर काटा आणणारी आरोळी यांचे वर्णन इंग्रज शिकाऱ्यांनी केले आहे. त्या कोल्ह्याचे एतद्देशीय नाव म्हणून ते ‘कोल-भालू’सारखा शब्द देतात. भालू ओरडली की घरातल्या बायका अजूनही दचकतात. आपण तिला अपशकुन म्हणतो. पण रानात राहणाऱ्याच्या दृष्टीने तो शकुन-अपशकुनाचा विषय नाही, ती बातमी आहे : जवळ मोठे जनावर आहे. त्या आवाजामागे कोल्ह्याच्या लोभाने जाणाऱ्याने काय बरोबर न्यावे, ते म्हण सांगते.

म्हणीची उत्पत्ती अशी सिद्ध करता येत नाही, हे मला मान्य आहे. माझा दावा एवढाच की सुचनेचा अर्थ घेतला तर म्हणीतला एकही शब्द वाया जात नाही. कोल्हाच का, वाघच का, सामानच का, याची उत्तरे मिळतात. शाळेतल्या अर्थात कोल्हा म्हणजे ‘लहान’ आणि वाघ म्हणजे ‘मोठा’ एवढेच उरते. जनावरे नाहीशी होतात.

जनावरे नाहीशी होणे ही कोल्ह्याची जुनी कथा आहे. पंचतंत्रातले करटक आणि दमनक कोल्हे आहेत, पण ते दरबारातले कारस्थानी मंत्री. इसापाच्या गोष्टी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत आल्या आणि युरोपातला फॉक्स आपल्याकडे कोल्हा झाला. वास्तविक त्याचा इथला जवळचा नातलग खोकड. द्राक्षे आंबट म्हणणारा कोल्हा मुळात कोल्हाच नव्हे. काकडीला राजी होणारा मात्र अस्सल आपला. कोल्हा फळे, मका, उंदीर, मेलेले जनावर, जे मिळेल ते खातो, हे ती म्हण रचणाऱ्याने शेतात पाहिले होते.

बार वगळून वाचणे

शिकारीच्या लेखनाचे मोल ठरवायला मी एक साधी कसोटी वापरतो. मजकुरातून बार वगळायचा, म्हणजे जनावर पडते ते वाक्य काढून टाकायचे, आणि मागे काय उरते ते पाहायचे. जनावर, वारा, माती, वेळ उरली तर ते लेखन ज्ञानाचे. नुसता शिकारी उरला तर ते मिरवणुकीचे.

आरंभ कौटिल्यापासून करू. मनुस्मृतीने राजाच्या कामज व्यसनांत मृगयेला पहिले स्थान दिले आहे. अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणात द्यूत वाईट की मृगया, असा वाद आहे आणि कौटिल्य मृगयेच्या बाजूने बोलतो. व्यायाम होतो, मेद झडतो, स्थिर आणि चल लक्ष्यावर नेम बसतो, असे फायदे मोजताना तो एक वेगळाच फायदा सांगतो : रागात आणि भयात प्राण्यांचे चित्त कसे असते ते कळते. बार वगळल्यावर उरणारी ही ओळ आहे आणि ती मामांच्या तोंडी शोभली असती.

पण याच ग्रंथाच्या दुसऱ्या अधिकरणात राजाच्या विहारासाठी जे मृगवन सांगितले आहे, त्याला एकच दार आहे, भोवती खंदक आहे, गोड फळांची झाडे आहेत आणि आतल्या हिंस्र श्वापदांची नखे व दाढा काढलेल्या आहेत. आमच्या म्हणीच्या नेमके उलटे! राजाने वाघाच्या शिकारीला कोल्ह्याचे सामान नेले तरी निभावेल, अशी ही सोय.

कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वराचा मानसोल्लास हा बाराव्या शतकातला, आपल्याच दख्खनेतला ग्रंथ. गायकवाड ओरिएंटल सीरीजमध्ये गजानन श्रीगोंदेकरांनी संपादलेल्या त्याच्या तीन खंडांपैकी पहिला १९२५ साली निघाला. त्यातल्या विनोदांच्या विंशतीत मृगया, कुत्रे, ससाणे, मासे यांची स्वतंत्र प्रकरणे आहेत. पाणवठ्यावर दबा धरणे, माणसाळलेले हरीण पुढे करून रानटी हरीण जवळ आणणे, चित्ते सोडणे, असे शिकारीचे कितीतरी प्रकार तिथे आहेत. माझ्या कसोटीला हा ग्रंथ अर्धा उतरतो. हरणाच्या स्वभावाचे ज्ञान त्यात भरपूर आहे. ज्यांनी ते ज्ञान मिळवले ते पारधी मात्र ‘राजाने त्यांना आज्ञा करावी’ एवढ्यापुरते येतात. राजाचा विनोद होतो आणि पारध्याचे शास्त्र राजाच्या नावावर जमा होते.

इंग्रजांच्या कोल्ह्याच्या शिकारीत मात्र काहीच उरत नाही. इंग्लंडमधल्या फॉक्सची आठवण येई म्हणून त्यांनी इथे कोल्हा धरला, बोटीतून फॉक्सहाउंड कुत्री आणली आणि लाल कोट चढवले. उटीच्या माळांवरची ही शिकार सर्वांत प्रसिद्ध. पुण्या-खडकीच्या छावणीतही कुत्र्यांचे असे कळप होते. या शिकारींच्या वृत्तांतांतून बार वगळा, खरे तर कुत्र्यांनी फाडल्याचे वाक्य वगळा, की घोडा, उडी, पडलेला स्वार आणि न्याहारी एवढे मागे राहते. कोल्हा कुठून निघाला आणि कोणीकडे गेला, याहून अधिक त्याच्याविषयी कळत नाही.

दोन हाका, दोन मुलुख

हाकेचे तंत्र छापील पानावर मला पहिल्यांदा भेटले ते महाराष्ट्राबाहेर. एडगर थर्स्टन यांचा दक्षिण हिंदुस्थानातल्या जातिजमातींवरचा सात खंडांचा ग्रंथ १९०९ साली मद्रासेत प्रसिद्ध झाला. त्यात कुरुविक्कारन नावाच्या लोकांची नोंद आहे. थर्स्टन त्यांना मराठी बोलणारे म्हणतात. पुढच्या अभ्यासकांनी त्यांची वाग्रीबोली गुजरातीच्या अधिक जवळची ठरवली. आज त्यांना नरिकुरवर म्हणतात, आणि तमिळमध्ये नरी म्हणजे कोल्हा. हे लोक कोल्ह्याची आरोळी हुबेहूब काढून त्याला जाळ्याकडे आणत. वाचताना मी ताठ बसलो. मामांची वाघूर आणि मामांची हाक, शेकडो मैलांवर! पण थर्स्टन यांच्या लेखी ती एक गंमत होती. वारा कोणता, बसायचे कसे, मादीला सोडायचे की नाही, हे त्यांनी विचारलेले दिसत नाही. तंत्र टिपले, शास्त्र निसटले.

दुसरी हाक अमेरिकेतली. तिथला कोयोट हा कोल्ह्याचाच भाऊबंद. नाव मूळ नाहुआत्ल भाषेतले. त्याला बोलावून मारण्याच्या सल्ल्याचे तिकडे मोठे वाङ्मय आहे. मिळाले तेवढे शब्दकोश घेऊन मी वाचले, आणि परक्या भाषेत मामाच बोलत होते. वारा तोंडावर घ्या. सशाच्या कळवळ्याचा आवाज काढा. कोयोट वळसा घालून वाऱ्याखाली येईल, तिकडे नजर ठेवा. आवाज एकीकडे, नेम धरणारा दुसरीकडे. आणि हो, पाठ झाडाला टेकवा, कारण हाकेला कधी कधी प्यूमाही येतो. म्हणजे आमची म्हण तिकडेही लागू आहे, फक्त त्यांच्याकडे ती म्हण झाली नाही.

बार वगळला तर हे लेखन कसोटीला चांगले उतरते. त्यातली खोट वेगळीच आहे. त्यात ‘कधी बोलावू नये’ हे फारसे येत नाही. सरकारी खात्यांनी आणि खासगी शिकाऱ्यांनी दरवर्षी हजारोंनी मारूनही विसाव्या शतकात कोयोट पश्चिमेकडून पसरत पार पूर्व किनाऱ्यापर्यंत पोहोचला. नुसत्या मारण्याने त्याचा बंदोबस्त होत नाही, हे त्यांच्याच देशाने पाहिले. जे. फ्रँक डोबी यांनी १९४९ साली कोयोटवर आख्खे पुस्तक लिहिले, त्याच्या नावात त्याचा आवाज आहे. आवाज ऐकणारा लेखक आणि आवाज काढणारा शिकारी यांच्यातले अंतर तिथे मला पहिल्यांदा स्पष्ट दिसले.

मराठीत हे अंतर व्यंकटेश माडगूळकरांनी एका आयुष्यात कापले. तरुणपणी शिकार केलेल्या या लेखकाने १९८२ साली ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्या माणसाला मध्ये न घेता उभ्या केल्या. शिकाऱ्याची नजर उरली, शिकार गेली. मारुती चितमपल्ली तर वनखात्यातले. रानातल्या माणसांकडून मिळालेला शब्द त्यांनी मराठीला दिला आणि ऋण मान्य केले. दोघांचाही मी ऋणी आहे. तरी एक उणीव नोंदवतो. आपले रानवाङ्मय खोल रानाकडे ओढ घेते. कोल्हा बांधावर राहतो. धड जंगलात नाही, धड गावात नाही. म्हणून शेतकऱ्याचा ज्याच्याशी रोजचा व्यवहार, तोच पुस्तकात पाहुण्यासारखा येतो.

वहीचे काय करावे

आता माझ्या प्रश्नाकडे. वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीनंतर कोल्हा त्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला आला आहे. म्हणीतला वाघ आणि कोल्हा कायद्याने एका पाटावर बसवले! त्याला मारणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि तसाच असावा असे माझे मत आहे.

तरीही तो मारला जातो, आणि कारणांपैकी एक आहे ‘कोल्ह्याचे शिंग’. कोल्ह्याला शिंग नसते. कवटीच्या हाडाचा उंचवटा किंवा केसाळ कातड्याची गाठ शिंग म्हणून विकली जाते; भरभराट होते, खटला जिंकतो, असे सांगतात. सिलोनमधल्या या समजुतीची नोंद टेनंट यांनी १८६१ साली केली आहे, म्हणजे भोळेपणा नवा नाही. तीन वर्षांपूर्वी एक अनोळखी माणूस माझ्या अंगणात येऊन बसला. माझ्या वहीविषयी त्याने कुठून तरी ऐकले होते. त्याला शब्द नको होते, म्हणी नको होत्या. ‘तुमच्या मामांची हाक मोबाईलवर घेऊन द्या, पैसे देतो,’ म्हणाला. मी चहा दिला आणि परत पाठवले. त्या रात्री वही ट्रंकेत ठेवली ती कुलूप लावून.

पण कुलपातले ज्ञान मरते. वहीत काय आहे ते पाहा. दव पडल्यावर सागाची पाने वाजत नाहीत, तेव्हाच चालावे. एक दिसला तर दुसरा जवळ आहे, कारण ते जोडीने राहतात. होळीपासून आखाड लागेपर्यंत हाक द्यायची नाही, बिळात पिल्ले असतात. सांजेची पहिली कुई कोणत्या टेकडीवरून आली ते रोज ध्यानात ठेवावे, म्हणजे कोणाची हद्द कुठे ते कळते. यांतले प्रत्येक वाक्य शिकारीसाठी घडले, आणि यांतले प्रत्येक आज त्याला वाचवायला, मोजायला, कोंबड्यांचे खुराडे कोणत्या बाजूला बांधावे हे ठरवायला कामाचे आहे.

म्हणून माझी कसोटी मी माझ्याच वहीला लावायचे ठरवले. दोनशेहून अधिक नोंदींतून बार वगळले. म्हणजे वाघूर कशी मांडायची, फास कुठे लावायचा, ते सगळे. बेचाळीस नोंदी पूर्ण गेल्या. उरलेल्या छापायच्या. ही काटछाट आहे, आणि जुन्या ग्रंथात कोणी अशी काटछाट केली असती तर मीच त्याच्यावर टीका केली असती, हे मला कळते. संशोधक म्हणून ती मला बोचते. पण सोमेश्वराच्या हरणांना आता धोका नाही. माझ्या बांधावरच्या जोडीला आहे. ज्या माहितीचा विषय जिवंत आहे, तिच्या संपादकाला पूर्णतेपेक्षा मोठे एक कर्तव्य असते असे मी मानतो. कोणाला हे चूक वाटले तर त्याने जरूर लिहावे.

गेल्या वाघबारशीला मी छाटलेली वही घेऊन मामांकडे गेलो. दिवाळीच्या तोंडावर आमच्याकडे वाघदेवाची पूजा होते; लहानपणी आमच्यातला एक पोर वाघ व्हायचा, एक कोल्हा, आणि बाकीचे त्यांना शिवेबाहेर पळवायचे. मामा आता ऐंशीच्या पुढे आहेत. मी वाचत गेलो, ते माना हलवत गेले. संपल्यावर मी विचारले, ‘हाक राहिली. ती कशी काढायची ते मी लिहिलं नाही. लिहू का?’

‘लिही की,’ ते म्हणाले, ‘लिहून कोणाला येती?’ मग त्यांनी अंगणातल्या झाडाचे पान तोडून माझ्या हातात दिले. मी ओठांत धरून फुंकले. नुसती हवा गेली. नातवंडे हसली. मामांनी पान घेतले नाही. दात गेले, आता त्यांनाही जमत नाही.

अंधार पडल्यावर नदीच्या अंगाला कुई उठली. पहिली पूर्वेच्या टेकडीवरून, मग तिला उत्तर. मी सवयीने वहीत वेळ लिहिली.